नामपल्लीची अबकारी आणि आपली दारूबंदी

आपल्या भागातला माणूस मुंबईला ‘जातो’, पण हैदराबादला ‘जाऊन येतो’. नांदेड, देगलूर, धर्माबाद, किनवट, उदगीर, कुठल्याही गावी विचारा, हैदराबाद कोणालाच लांब वाटत नाही. कुणाचा दवाखाना तिथं, कुणाच्या लग्नाचा बस्ता तिथला, कुणाचं पोरगं अमीरपेठेत संगणकाचा क्लास करतंय, तर कुणाचा मामा पन्नास वर्षांपासून तिथंच राहतोय. मृग निघाला की दम्याचे पेशंट माशाचं औषध घ्यायला नामपल्लीच्या नुमाइश मैदानाकडे निघतात, तेव्हा त्या रांगेत मराठी हमखास ऐकू येते. शेवटी १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. नाती, बोली, खाणं सगळं सरमिसळ आहे.

पण कायद्याला नातीगोती कळत नाहीत. बासरच्या सरस्वतीला जाताना धर्माबाद सुटलं की थोड्याच वेळात राज्य बदलतं आणि त्याबरोबर कितीतरी नियम बदलतात. इतर बाबतींत त्याचा फारसा जाच होत नाही. दारूच्या बाबतीत मात्र होतो. ‘आपल्याकडं चालतं म्हणजे तिथंही चालत असेल’ किंवा ‘तिथं घेतली म्हणजे घरी आणायला हरकत काय’ या दोन समजुतींपायी भल्या घरची माणसं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसतात. पिणारा एकटा असतो. जामीन, वकील आणि फेऱ्या घरच्यांच्या वाट्याला येतात. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर.

स्टेशनच्या आसपास

नामपल्ली म्हणजे हैदराबादचं जुनं तोंड. १९०७ साली बांधलेलं इथलं स्टेशन रेल्वेच्या कागदोपत्री ‘हैदराबाद डेक्कन’ आहे, पण रिक्षावाल्याला नामपल्लीच म्हणावं लागतं. मुंबईची हुसेनसागर एक्सप्रेस इथं येऊन थांबते. नांदेडकडच्या बऱ्याच गाड्या काचीगुडा किंवा सिकंदराबादला नेतात, तरी कामं आपल्याला इथं आणून सोडतात. रेड हिल्सला एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल आणि लेकरांचं निलोफर. पलीकडे पब्लिक गार्डन, त्यातलं इजिप्तच्या ममीचं संग्रहालय आणि विधानसभेची पांढरी इमारत. युसुफैन दर्ग्यावर सर्व धर्मांची माणसं येतात. १९३८ पासूनची नुमाइश दरवर्षी १ जानेवारीपासून दीड महिना चालते. फौजदारी न्यायालयंही याच भागात आहेत. २०१८ पासून मेट्रोही इथून धावते.

याच नामपल्लीत, मुकर्रमजाही रोडवर, एक सरकारी इमारत आहे. तिच्याकडे पाहुण्यांचं सहसा लक्ष जात नाही. तिचं नाव ‘अबकारी भवन’. तेलंगणाच्या मद्यनिषेध व अबकारी खात्याचं हे मुख्य कार्यालय. राज्यात कुठं दुकान निघेल, ते कधी उघडेल, कुणाला मिळेल, याचा कारभार इथून चालतो. आणि याच नामपल्लीत काँग्रेसचं ‘गांधी भवन’ही आहे. एकाच मोहल्ल्यात दोन भवनं. राज्यघटनेचं ४७ वं कलम सरकारला दारूबंदीकडे जायला सांगतं, आणि दारूवरचा कर तिजोरी भरतो. प्रत्येक राज्याला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

‘अबकारी’ हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होता. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी; पाण्याचं काम ते अबकारी. निजामी राज्यात या खात्याचं उत्पन्न मोठं होतं. नांदेडचा शिंदीवाला असो की नामपल्लीचा, दोघांनाही एकच कायदा होता: हैदराबाद अबकारी कायदा, १३१६ फसली, म्हणजे इसवी सन १९०६-०७. ज्यांनी घरातले जुने जमिनीचे कागद पाहिलेत, त्यांना फसली साल नवं नाही. हैदराबाद शहराचा पोलीस कायदा तर अजूनही १३४८ फसलीचाच आहे. रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्यावर आजही त्या निजामकालीन कायद्याखाली खटला होऊ शकतो.

एका कायद्याचे दोन झाले

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तेलंगणा आंध्रात गेला. मुंबईचा कायदा होता १९४९ चा दारूबंदीचा. पुढे तोच आपल्याला लागू झाला आणि आज त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असं आहे. तिकडे १९६८ साली आंध्र प्रदेशानं जुना फसली कायदा रद्द करून नवा अबकारी कायदा केला. २०१४ साली तेलंगणा वेगळा झाला, तेव्हा त्यानं तोच आपलासा केला.

नावातच सगळा फरक आहे. आपल्या कायद्याचा पाया ‘बंदी’ हा आहे. दारू पिणं मुळात मना, आणि सूट हवी असेल तर परवाना घ्यायचा. म्हणून आपल्याकडे पिणाऱ्याला परवाना लागतो. बारच्या बिलाबरोबर एका दिवसाची परवान्याची चिठ्ठी फाडलेली पुष्कळांनी पाहिली असेल. वर्षाचा आणि आजन्म परवानाही असतो. तेलंगणाचा कायदा ‘अबकारी’चा. तिथं पिणाऱ्याला कागद लागत नाही, विकणाऱ्याला लागतो. इकडचा कायदा विचारतो, ‘तू कोण, तुझा परवाना कुठाय?’ तिकडचा विचारतो, ‘ही बाटली कुठली, हिचा कर कुठं भरलाय?’ हा एवढा फरक ध्यानात ठेवला की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

वयाचंच घ्या. तेलंगणात वयाची अट २१ वर्षं. आपल्याकडे बिअर-वाइनला २१ चालतात, पण व्हिस्की-रमला २५ पूर्ण लागतात. म्हणजे बावीस वर्षांचा मुलगा अमीरपेठेत शिकायला असताना जे कायद्यानं करू शकतो, तेच दिवाळीला नांदेडला आल्यावर करू शकत नाही. कायद्यानं करू शकतो म्हणून करावं असं नाही. पण घरच्यांना ठाऊक असलेलं बरं.

शब्दही फसवतात. ‘परमिट रूम’ म्हटलं की आपल्याला टेबल-खुर्च्या, पडदे, मंद दिवे असलेला बार आठवतो. हैदराबादी परमिट रूम वेगळी. तिथं दारूच्या दुकानाला ‘वाइन्स’ म्हणतात, आणि त्या दुकानानं जादा फी भरून लगतची जी जागा पिण्यासाठी मंजूर करून घेतलेली असते, ती परमिट रूम. बार हवा असेल तर बारच म्हणावं लागतं. नामपल्लीच्या एखाद्या लॉजवर ‘इथं चांगली परमिट रूम कुठाय?’ असं विचारलं, तर पोऱ्या कोपऱ्यावरच्या वाइन्सकडे बोट दाखवील. तिथल्या गर्दीत उभं राहिल्यावर पाहुण्याला कळतं की शब्द ओळखीचा असला तरी वस्तू दुसरीच आहे.

आणि दुकानाला परमिट रूम नसेल, तर दुकानासमोरच्या फूटपाथवर, गाडीच्या बॉनेटवर, बागेत किंवा लॉजच्या जिन्यात बाटली उघडू नये. चार लोक तसं करताना दिसतात म्हणून ते चालतं असं नाही. पोलीस आले की गावची माणसं पटकन पांगतात आणि पाहुणा सापडतो.

दुकान चिठ्ठीनं, भाव छापील

तेलंगणात दुकानं दोन वर्षांसाठी सोडत काढून देतात. २०२३ च्या सोडतीत राज्यात २,६२० दुकानं होती आणि अर्ज आले सव्वा लाखाहून जास्त. अर्जाची फी दोन लाख रुपये, दुकान मिळो न मिळो, परत नाही. नुसत्या अर्जांतूनच सरकारला अडीच हजार कोटींहून अधिक मिळाले. २०२५ च्या सोडतीला ही फी तीन लाख झाली. यात गौड समाजासाठी १५ टक्के, अनुसूचित जातींसाठी १० आणि जमातींसाठी ५ टक्के दुकानं राखीव असतात. गौड म्हणजे पिढ्यानुपिढ्या ताडावर चढणारे. घाऊक माल मात्र एकाच ठिकाणाहून, सरकारी महामंडळाकडूनच घ्यावा लागतो.

पाहुण्याच्या दृष्टीनं याचा अर्थ साधा आहे. बाटलीवर जो भाव छापलाय तोच द्यायचा, आणि बाटलीवरचं सरकारी लेबल पाहून घ्यायचं. परवाना नसताना गल्लीबोळात, किराण्याच्या आड जी विक्री चालते, तिला तिकडे ‘बेल्ट शॉप’ म्हणतात. रात्री उशिरा ‘साब, दो मिनट में लाके देतूं’ म्हणणारा कुणी भेटला, तर ती वाट तिकडचीच समजावी.

बाटली सीमेवर येते तेव्हा

आता आपल्या भागातल्या लोकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. घटनेनं दारू हा विषय राज्यांकडे दिला आहे. कर राज्याचा, नियमही राज्याचे. ती जीएसटीतही नाही. म्हणून हैदराबादला छापील किमतीला, पावती घेऊन आणलेली बाटली तेलंगणात पूर्ण कायदेशीर असते; पण ती पिशवीतून देगलूर-धर्माबादला उतरली की महाराष्ट्राचा कर न भरलेली दारू होते. परवानगीवाचून परराज्यातली दारू आणणं, बाळगणं हा आपल्या कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा आहे. ‘माझ्याकडे पिण्याचा परवाना आहे’ हे उत्तर इथं पुरत नाही. तो परवाना पिण्याचा आहे, आणण्याचा नाही. गोव्याहून बाटल्या आणणाऱ्यांवर अशा कारवाया होतात हे आपण वाचतोच. तोच नियम इथं आहे.

उलट दिशेलाही तसंच. तिकडचं खातं अशा मालाला ‘नॉन ड्यूटी पेड’ म्हणतं. गोव्याकडून हैदराबादला येणाऱ्या गाड्यांमध्ये, विमानतळावर त्यांची पथकं पिशव्या तपासतात. जावयाला आवडते म्हणून नांदेडहून दोन बाटल्या घेऊन जाणारा मामा स्वतःला तस्कर समजत नाही, पण पंचनाम्यात त्याच्या मनातली भावना लिहीत नाहीत.

आणखी एक. आपल्या सीमेचीही एकच तऱ्हा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. सिरोंच्याहून नदी ओलांडली की दुकानं. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. नदीच्या एका काठावर परवाना, दुसऱ्या काठावर बंदी, असं चित्र आपण एका पिढीत पाहिलंय.

बायकांनी केलेला कायदा

आंध्रातल्या दारूच्या कायद्याचा इतिहास अबकारी भवनात बसून लिहिलेला नाही. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायका साक्षरता वर्गात जमत होत्या. अक्षरं शिकता शिकता बोलणं नवऱ्याच्या पिण्यावर आलं. मजुरी सारा दुकानात जाते, घरी मार येतो. ‘सारा’ म्हणजे देशी दारू. बायकांनी गावातलं दुकान बंद पाडलं. हे लोण गावोगाव गेलं, सारा दुकानांचे लिलाव होऊ दिले नाहीत. शेवटी १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारला राज्यभर सारा बंद करावी लागली. पुढे एन. टी. रामारावांनी संपूर्ण दारूबंदीचं वचन देऊन निवडणूक जिंकली आणि १६ जानेवारी १९९५ पासून ती आणली.

ती दोन वर्षांच्या आसपास टिकली. शेजारच्या राज्यांतून चोरटा माल, गावठी भट्ट्या आणि रिकामी तिजोरी ही कारणं देऊन चंद्राबाबू नायडूंच्या सरकारनं १९९७ मध्ये ती उठवली. पण साऱ्यावरची बंदी राहिली. तेलंगणात चोरून गाळतात त्या दारूला ‘गुडुंबा’ म्हणतात. ती आजही गुन्हाच. अबकारी भवनाच्या पाटीवर ‘मद्यनिषेध’ हा शब्द अजून आहे, तो दुबगुंट्याच्या बायकांची आठवण म्हणूनच वाचावा.

आपल्याकडे बायकांचं हे काम मतपेटीतून होतं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिलांनी मागणी केली की मतदान घेतात; उभी बाटली की आडवी? निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच, वाट निराळी.

कल्लू, शिंदी आणि नीरा

हैदराबादला गेल्यावर ताडीचा मोह पुष्कळांना होतो. तेलुगूत ती ‘कल्लू’, जुन्या हैदराबादी बोलीत ‘सेंधी’, आपली ‘शिंदी’. ताडाची वेगळी, शिंदीच्या झाडाची वेगळी. शहरातली कल्लूची दुकानं काही वर्षं बंद होती, ती २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली. झाडाखाली बसून पहाटेची ताजी प्यालेले म्हातारे तिचं कौतुक सांगतात, आणि ते खोटं नाही. पण शहराला जेवढी ताडी लागते तेवढी झाडं शहराजवळ नाहीत. मग उरलेलं कुठून येतं? पाणी, साखर, सॅकरीन आणि गुंगीची औषधं यांतून. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन अनेक जण दवाखान्यात गेले आणि काही दगावले. तपासात अल्प्राझोलाम या झोपेच्या औषधाचं नाव पुढं आलं. परवान्याचं दुकान असलं म्हणजे आतला माल खरा, असं समजू नये.

चवच पाहायची तर बायका-मुलांसह नीरा प्यावी. सूर्य उगवण्याआधी उतरवलेली आणि गार ठेवलेली नीरा चढत नाही. २०२३ साली सरकारनं हुसेनसागरच्या काठी, नेकलेस रोडवर, खास नीरा कॅफे सुरू केलं.

बंद दिवस आणि दसरा

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला तिकडेही दुकानं बंद. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद, हा देशभराचाच नियम. आपल्याकडच्या आषाढी एकादशीसारखे दिवस तिकडे त्याच अर्थानं पाळतील असं नाही. उलट बोनालू, गणेश विसर्जन, रामनवमी, हनुमान जयंती किंवा होळीला शहर पोलीस आयुक्त वेगळा हुकूम काढून शहरातली दुकानं बंद ठेवतात. हे हुकूम एक-दोन दिवस आधी वर्तमानपत्रात येतात.

दसऱ्याचं मात्र आपल्याला नवल वाटतं. आपण सोनं वाटतो, गोड करतो. तेलंगणात दसरा म्हणजे मटण आणि पेला, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. २०२५ साली दसरा नेमका २ ऑक्टोबरला आला आणि गांधी जयंतीमुळे दुकानांना कुलूप. लोकांनी आदल्या दिवशीच रांगा लावल्या. पाहुणे म्हणून गेल्यावर नाकं मुरडू नयेत. ‘आम्ही घेत नाही’ एवढं हात जोडून म्हटलं की यजमान आग्रह सोडतो.

लग्नकार्याला गेलात तर एवढं लक्षात ठेवा: फंक्शन हॉलमध्ये किंवा फार्महाउसवर दारू द्यायची तर अबकारी खात्याचा ‘इव्हेंट परमिट’ लागतो. मुलीकडचे मराठवाड्यातले आणि मुलाकडचे हैदराबादचे असले, तर हा कागद कोण काढणार ते आधी ठरवावं. मांडवात पथक आलं तर अब्रू दोन्हीकडची जाते.

स्टिअरिंग आणि गोशामहल

वर सांगितलेल्या नियमांत थोडीफार हयगय खपतही असेल. इथं खपत नाही. हैदराबादचे वाहतूक पोलीस रात्री, विशेषतः शनिवार-रविवारी, जागोजागी तोंडाला यंत्र लावतात. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षं आणि पंधरा हजार. कायदा देशभर एकच आहे, पण अंमल सगळीकडे सारखा नाही. गावाकडची सवय इथं महागात पडते.

पकडल्यावर गाडी ताब्यात जाते. मग नामपल्लीशेजारच्या गोशामहलला किंवा बेगमपेठेला वाहतूक प्रशिक्षण संस्थेत समुपदेशनाला हजर व्हायचं. तिथं घरचं माणूस सोबत आणायला सांगतात, आई-वडील किंवा बायको. त्यानंतर कोर्ट. हैदराबादकराला हे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचं काम. नांदेडच्या माणसाला अडीचशे किलोमीटरहून लांबचे हेलपाटे, आणि दर खेपेला घरचं कुणीतरी सोबत. एका रात्रीच्या दोन पेगांची किंमत घरच्या बाईला गोशामहलच्या बाकावर बसून मोजावी लागते, ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसते.

परतीच्या गाडीतही सैल सुटू नये. रेल्वे कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे गाडीत किंवा स्टेशनात दारू पिऊन असणाऱ्याला उतरवता येतं, आणि सहा महिन्यांपर्यंत कैद व पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बायका-लेकरांच्या डब्यात बाटली काढणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं. गप्प बसू नका, रेल्वेच्या १३९ क्रमांकावर तक्रार करता येते.

हैदराबादहून आणण्यासारखं पुष्कळ आहे. मोअज्जमजाही मार्केटातली फळं आणि आइसक्रीम, उस्मानिया बिस्किटं, लाड बाजारच्या बांगड्या, नुमाइशचे दिवस असले तर काश्मिरी शाली. पिशवी कितीही फुगली तरी सीमेवर कुणी अडवत नाही. बाटली तेवढी तिकडंच राहू द्यावी. तिथं ती कायद्यात बसते, आपल्या घरी येईपर्यंत गुन्हा झालेली असते.